सबवूफरचा दिवा लागतो, पण वाजत नाही. वाजला तर नुसती घूंऽऽ

"भो, लाइट लागस, पन वाजस नही." दिवाळीच्या खरेदीनंतर सबवूफरबद्दलचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरबद्दलचा, हा फोन ठरलेला. कधी अमळनेरहून, कधी चोपड्याहून, कधी शिरपूरहून. रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटणारं यंत्र, कुणाचा यामाहा असतो, कुणाचा डेनॉन, कुणाचा सोनी, तक्रार तीच. मार्च लागला की तिचं रूप बदलतं: वाजतो, पण गाणं बंद केलं तरी घूंऽऽ चालूच राहते. आणि बाराही महिने येणारी तिसरी तक्रार म्हणजे पिक्चरमध्ये वाजतो, पण सिरियलला आणि यूट्यूबच्या गाण्यांना मुका.

फोन येईपर्यंत बहुतेकांनी सबवूफर गोणपाटात गुंडाळून रिक्षात घातलेला असतो. दुकानात नेला की तिथे तो मस्त वाजतो. घरी आणला की पुन्हा गप्प. मग दुकानदाराशी वाद, कंपनीला शिव्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. सबवूफर स्वतः बिघडलेला सापडणं तसं कमीच. एक तर रिसीव्हर त्याला आवाजच पाठवत नसतो, नाही तर घराच्या अर्थिंगमध्ये घोळ असतो. म्हणून डबा जागेवरून हलवण्याआधी पुढचं सगळं बघून घ्या. बहुतेक ठिकाणी एक रिमोट आणि एक टेस्टर एवढ्यावर काम भागतं.

आधी बोट लावून बघा

जुने रेडिओ मेकॅनिक ज्या पद्धतीने अँप्लिफायर तपासायचे, तीच ही पद्धत. आधी रिसीव्हरच्या आणि सबवूफरच्या मागच्या धातूच्या पत्र्याला टेस्टर लावा. टेस्टर पेटला तर पुढे काही करू नका, वायरमनला बोलवा. ते दुखणं आवाजाचं नाही, करंटचं आहे.

टेस्टर पेटला नाही तर सबवूफरचा व्हॉल्यूम पावभर ठेवा. मागे 'ऑटो' आणि 'ऑन' असं बटण असेल तर ते 'ऑन'वर करा. आता केबलचं सबवूफरकडचं टोक तसंच राहू द्या, रिसीव्हरकडचं टोक काढून हातात घ्या आणि पिनच्या मधल्या टोकाला बोटाने हलकेच शिवा. लगेच घूंऽऽ असा जाड आवाज आला पाहिजे. कोन पुढेमागे थरथरतोय हे जाळीतूनही दिसतं. बोट काढलं की आवाज बंद किंवा कमी.

असा आवाज आला तर समजा, सबवूफरचा अँप्लिफायर जिवंत, स्पीकर जिवंत, केबलही जिवंत. दोष रिसीव्हरच्या बाजूला. आवाज आलाच नाही तर दुसरी केबल लावून तेच करा. उंदरांनी कुरतडलेली किंवा कपाटाखाली दबून आतून तुटलेली केबल वरून धडधाकट दिसते. दुसऱ्या केबलनेही काही झालं नाही, तर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून किंवा मोबाइलमधून सरळ सबवूफरला गाणं देऊन बघा. तरीही मुका असेल तर मात्र सबवूफरच गेला आहे. त्याबद्दल शेवटी.

पिन नेमकी कुठे बसली आहे

रिसीव्हरच्या मागे 'सबवूफर प्री-आउट' किंवा नुसतं 'सबवूफर' लिहिलेलं एक आरसीए सॉकेट (लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचं असतं तसं गोल) असतं, काहींना दोन असतात. बहुधा ते काळं किंवा जांभळं असतं. शेजारीच तशाच आकाराचं नारिंगी सॉकेट असतं. ते डिजिटल कोअॅक्शियल, आणि ते इनपुट आहे. पिवळं व्हिडिओचं. पिन सगळ्यांत सारखीच बसते, म्हणून अंधारात कपाटामागे हात घालून लावलेली पिन हमखास चुकीच्या भोकात जाते. मोबाइलचा टॉर्च लावून एकदा डोळ्यांनी बघा.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे सबवूफरवर, 'एलएफई' (जाड आवाजाचा चॅनेल) लिहिलेलं सॉकेट असेल तर तिथेच लावा. नसेल आणि लाल-पांढरी जोडी असेल तर पांढऱ्यात, म्हणजे 'एल' किंवा 'मोनो' लिहिलेल्यात. एकाचे दोन करणारी वाय केबल लावली तर दोन्ही सॉकेटमध्ये जाते आणि सबवूफरला पोचणारा सिग्नल साधारण ३ ते ६ डेसिबलने वाढतो. तिचा उपयोग पुढे एके ठिकाणी आहे, एरवी गरज नाही.

केबलबद्दल बरंच काही विकलं जातं. सोन्याच्या मुलाम्याची, दोरीएवढी जाड, 'खास सबवूफर' छापलेली. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मिळणारी साधी, चांगल्या जाळीची आरसीए केबल पुरते. पैसे वाचवून लांबी थोडी जास्त घ्या. केबल ताणून बसवली की पिन सैल होते आणि सैल पिन म्हणजे घूंऽऽ.

जुन्या डीव्हीडी सेटचा सबवूफर

इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हा प्रकार फार आहे. घरात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डीव्हीडीवाला होम थिएटर सेट असतो. डीव्हीडी प्लेअर मेलेला, डबा मात्र ठणठणीत. नवा रिसीव्हर घेतल्यावर साहजिकच वाटतं, सबवूफर तोच वापरू.

त्या डब्याला स्वतःची विजेची वायर आहे का, ते बघा. नसेल, मागून नुसत्या दोन वायरी निघत असतील, तर तो पॅसिव्ह. त्याला अँप्लिफायर बाहेरून लागतो आणि रिसीव्हरच्या प्री-आउटमध्ये अँप्लिफायर नसतो. तिथून फक्त बारीक सिग्नल निघतो. त्या दोन वायरींना आरसीए पिन डकवून प्री-आउटमध्ये खुपसली तर काहीही होत नाही, कान लावला तर फार तर पुटपुट ऐकू येते. काही जण मग तो डबा रिसीव्हरच्या एखाद्या स्पीकर टर्मिनलला जोडतात. त्या सेटमधले स्पीकर बहुधा ३ किंवा ४ ओहमचे असतात, रिसीव्हरला ६ ते ८ ओहमची अपेक्षा असते. आवाज वाढवला की रिसीव्हर गरम होतो, 'प्रोटेक्ट' दाखवतो आणि बंद पडतो. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर निभावतं.

अशा डब्यासाठी मधे एक मोनो अँप्लिफायर बोर्ड घालावा लागतो. बाजारात टीपीए ३११८ या चिपचा मोनो बोर्ड मिळतो, २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, ६० वॅटपर्यंत म्हणून विकला जातो. छोट्या हॉलला तेवढं पुरतं. प्री-आउट बोर्डाला, बोर्ड डब्याला. गावातला कुठलाही टीव्ही मेकॅनिक तासाभरात करून देतो.

दुसरा प्रकार कॉम्प्युटरच्या ५.१ स्पीकर सेटचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्यात सगळा अँप्लिफायर सबवूफरच्या डब्यातच असतो आणि मागे सहा आरसीए सॉकेट असतात. तो उपयोगी पडतो. रिसीव्हरच्या प्री-आउटची केबल फक्त 'एसडब्ल्यू' लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावायची, बाकी पाच मोकळी. मात्र त्या सेटच्या रिमोटवरून इनपुट '५.१' किंवा 'एसी ३' असं निवडा. तो सेट ब्लूटूथ, यूएसबी किंवा ऑक्सवर राहिला तर 'एसडब्ल्यू' सॉकेट बंद असतं. सगळं बरोबर जोडूनही डबा गप्प बसतो तो यामुळे.

पिक्चरला वाजतो, गाण्याला नाही

आता मूळ दुखणं. ५.१ मधला तो .१ म्हणजे एलएफई, फक्त जाड आवाजासाठी राखलेला वेगळा चॅनेल. डॉल्बी डिजिटलमध्ये तो साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच असतो. हा चॅनेल ५.१ मध्ये तयार केलेल्या पिक्चरमध्येच असतो. डीडी फ्री डिशवरच्या सिरियल, यूट्यूबवरची अहिराणी गाणी, लग्नातल्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह, हे सगळं दोन चॅनेलचं, स्टिरिओ. त्यात .१ नाहीच. मग सबवूफरला द्यायला रिसीव्हरकडे असतं काय?

द्यायला असतं, पण सेटिंग बरोबर असेल तर. रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये समोरचे स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' असं विचारलेलं असतं. 'लार्ज' म्हणजे त्या स्पीकरना सगळा आवाज, अगदी खालपर्यंत, झेपतो. मग रिसीव्हर स्टिरिओ गाण्यातला जाड आवाज त्यांच्याकडेच ठेवतो आणि सबवूफरकडे काहीच पाठवत नाही. 'स्मॉल' केलं की ठरलेल्या हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळतं. माणसं 'लार्ज' का ठेवतात? आपले स्पीकर छोटे म्हणवून घेणं जिवावर येतं, दुसरं काय! स्पीकर चार फूट उंच असला तरी 'स्मॉल' करा. त्याने स्पीकरचा अपमान होत नाही, त्याच्या आणि रिसीव्हरच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

क्रॉसओव्हर, म्हणजे ही ठरलेली हद्द, ८० हर्ट्झपासून सुरू करा. सिनेमाच्या आवाजाचे मापदंड ठरवणाऱ्या टीएचएक्सने तोच धरलेला आहे आणि पाच-सहा इंची वूफर असलेल्या स्पीकरना तो जमतो. तीन इंची छोटे सॅटेलाइट असतील तर १२० किंवा १५०. तेवढा वर नेलात तर सबवूफर समोरच्या स्पीकरजवळच ठेवा. साधारण ८० च्या वर गेलं की आवाज कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं आणि निवेदक सोफ्यामागून बोलल्यासारखा वाटतो.

हे सेटिंग डेनॉनमध्ये स्पीकर्सच्या मॅन्युअल सेटअपमध्ये 'स्पीकर कॉन्फिग' नावाखाली आहे, यामाहात स्पीकर, मग कॉन्फिगरेशन. सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी 'स्पीकर पॅटर्न' निवडावा लागतो. तिथे ५.० निवडलेलं असेल तर रिसीव्हरच्या लेखी घरात सबवूफरच नाही, ५.१ करा. यामाहात 'सबवूफर' पुढे 'यूज' पाहिजे, 'नन' नको.

तक्रार पुन्हा पुन्हा येण्यामागेही एक कारण आहे. माणूस सगळं नीट लावतो, महिनाभर मजेत जातो. मग कुणीतरी सांगतं म्हणून माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन पुन्हा करतो. रिसीव्हर समोरचे मोठे स्पीकर ऐकून त्यांना आपल्या मनाने 'लार्ज' ठरवतो आणि गाण्यातला सबवूफर पुन्हा गायब. किंवा कॅलिब्रेशनच्या वेळी सबवूफर 'ऑटो'वर झोपलेला असतो. रिसीव्हरला तो ऐकूच येत नाही आणि यादीतून त्याचं नाव कटतं. म्हणून कॅलिब्रेशन करताना सबवूफर 'ऑन'वर ठेवा, आणि झाल्यावर स्पीकरची यादी उघडून 'स्मॉल', ८० आणि सबवूफर 'येस' आहे ना, ते डोळ्यांनी बघा. त्या यादीत सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, रिसीव्हर तो उशीर अंतरात धरतो.

'प्युअर डायरेक्ट' बटणाचंही बघा. नावावर भाळून लोक ते दाबून ठेवतात. बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्या मोडला आवाजाची वाटणी बंद होते आणि स्टिरिओ गाण्याला सबवूफर थांबतो. 'स्टिरिओ' मोड वापरा.

उलट तक्रार असेल, म्हणजे गाण्याला वाजतो पण पिक्चरमध्ये स्फोटाला दम नाही, तर टीव्हीकडे वळा. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये 'पीसीएम' असेल तर एचडीएमआय एआरसीमधून किंवा ऑप्टिकलमधून रिसीव्हरला फक्त दोन चॅनेल मिळतात. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. रिसीव्हरच्या पडद्यावर 'डॉल्बी डिजिटल' आणि ५.१ उमटलं की .१ पोचला. टीव्हीतून लाल-पांढऱ्या केबलने आवाज घेतलेला असेल तर ५.१ विसरा. रिसीव्हरमध्ये 'मिडनाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. बाळ झोपलं म्हणून लावलेलं असतं, बाळ शाळेत जायला लागलं तरी तसंच असतं.

या सगळ्यात शंका राहिली तर रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. तो एकेका स्पीकरवर फिरतो. सबवूफरची पाळी आली आणि गुरगुर ऐकू आली, म्हणजे जोडणीत काही दोष नाही. जे बिघडलंय ते वरच्या सेटिंगमध्ये, नाही तर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स किंवा गाण्याच्या बाजूला.

मधेच झोपणारा सबवूफर

हळू आवाजात बघत असताना दहा-वीस मिनिटांनी सबवूफर बंद, मोठा सीन आला की अर्ध्यातून जागा. हा 'ऑटो स्टँडबाय'. त्याला ठरावीक ताकदीचा सिग्नल मिळाला तरच तो जागा राहतो. 'ऑन'वर करून टाका, प्रश्न मिटला. वीज वाचवायची असेल तर सबवूफरवरचा व्हॉल्यूम थोडा कमी करा आणि रिसीव्हरमधली सबवूफरची लेव्हल तेवढीच वाढवा. आवाज तेवढाच राहतो, पण केबलमधून जाणारा सिग्नल तगडा होतो. कॅलिब्रेशननंतर ती लेव्हल उणे १२ वर जाऊन बसली असेल तर सबवूफरचा व्हॉल्यूम फार जास्त होता असं समजा. तो कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा करा. वाय केबलचा उपयोग इथेच, म्हणजे सिग्नल कमी पडून सबवूफर झोपत असेल तर.

सबवूफरवर क्रॉसओव्हरची वेगळी घुंडी असते. रिसीव्हरला जोडल्यावर ती पूर्ण वर, किंवा 'एलएफई'वर. ती खाली ठेवली तर रिसीव्हर एकदा गाळतो, सबवूफर दुसऱ्यांदा गाळतो आणि मधला आवाज दोघांकडूनही सुटतो.

उन्हाळ्यातली घूंऽऽ

गाणं बंद, तरी सबवूफरमधून सारखी घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे सबवूफरचा आवडता सूर. छोट्या स्पीकरमध्ये हाच दोष असला तरी ऐकू येत नाही.

आधी केबल सबवूफरमधून काढा. तरीही घूंऽऽ येत असेल तर दोष सबवूफरच्या आतला; बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर वाळलेले असतात. आवाज कोनमधून येतोय की मागच्या प्लेटमधून, तेही कान लावून बघा. प्लेटमधूनच येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा, थोडाफार चालायचाच. केबल काढल्यावर शांत आणि लावल्यावर चालू, असं असेल तर तो ग्राउंड लूप. त्याच्या मागे लागायचं.

लूप होतो कसा ते एकदा कळलं की काम सोपं होतं. सबवूफरला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्याची बॉडी घराच्या अर्थिंगला जोडलेली. बऱ्याच रिसीव्हरना दोनच पिना. पण रिसीव्हर एचडीएमआयने सेट-टॉप बॉक्सला जोडलेला, बॉक्स केबलवाल्याच्या कोअॅक्शियल वायरला आणि ती वायर खांबावरच्या कुठल्यातरी दुसऱ्याच अर्थला. दोन अर्थांच्या व्होल्टेजमध्ये थोडा जरी फरक असला तरी करंट आरसीए केबलच्या जाळीतून वाहतो आणि सबवूफर तो इमानेइतबारे वाजवून दाखवतो.

तर मग बॉक्सच्या मागची केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढून बघा. घूंऽऽ थांबली तर चोर सापडला. वायर केबलवाल्याची असेल तर तिच्यात कोअॅक्शियल आयसोलेटर घालतात, स्वस्तात मिळतो. तो मिळाला नाही किंवा वायर डिशची असेल तर आरसीए केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर; पण त्यातले स्वस्त ट्रान्सफॉर्मर सगळ्यात खालचा, पोटात जाणवणारा आवाज खाऊन टाकतात, म्हणून तो दुसरा पर्याय. आणि आधी फुकटातला उपाय करा: रिसीव्हर, टीव्ही, बॉक्स आणि सबवूफर सगळे एकाच बोर्डावर घ्या. सबवूफर पलीकडच्या भिंतीच्या बोर्डावर आणि रिसीव्हर अलीकडच्या, अशी मांडणी असली की लूपला आयतं निमंत्रण.

आता उन्हाळ्याचं. थंडीत गप्प असलेला सबवूफर एप्रिल-मेमध्ये का घुमतो? आपली काळी माती. पावसाळ्यात चिखल आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगचा खड्डा भरला तेव्हा कोळसा-मीठ टाकलेलं असतं, पण नंतर वर्षानुवर्षं त्यात कुणी पाणी ओतलेलं नसतं. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पाइपाभोवतीची माती सुकून पाइपापासून सुटते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्याच दिवसांत घरोघरी कूलर चालू. कूलरची मोटर, तिचा पंप आणि त्या दोघांचा थोडा थोडा गळणारा करंट त्याच सुकलेल्या अर्थवर येतो. कूलर बंद केल्यावर घूंऽऽ कमी होत असेल तर हेच कारण.

मल्टिमीटर असेल तर बोर्डाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. दहा-वीस दिसत असेल तर सबवूफर राहू द्या, आधी घर सांभाळा. ज्याला मीटरची सवय नाही त्याने हे वायरमनकडून करून घ्यावं. खड्ड्याच्या फनेलमध्ये संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा उतरला तर उन्हाळाभर आठवड्यातून एकदा-दोनदा ओतत राहा. नाहीच उतरला तर खड्डा नव्याने भरावा लागेल.

दोन गोष्टी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. एक, सबवूफरच्या प्लगची वरची जाड पिन तोडणं. घूंऽऽ जाते, खरं आहे. पण उद्या आत शॉर्ट झाला की पत्र्यात २३० व्होल्ट येतात आणि ओल्या फरशीवर पोछा मारणारा हात त्याला लागतो. दुसरी, बोर्डातच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधणं. काही वायरमन "अर्थिंगचा खर्च वाचवतो" म्हणून हे करून देतात. न्यूट्रल कुठे तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्यात करंट. ज्याने बांधलंय त्याच्याकडूनच सोडवून घ्या.

आणखी दोन ठिकाणांहून घूंऽऽ येते. एक, आरसीए केबल आणि विजेची वायर एकाच केसिंग पट्टीतून नेलेली. दिसायला छान, ऐकायला वाईट. वेगळी काढा, आणि छेद द्यायचाच असेल तर काटकोनात. दुसरं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घुमत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हवाल्याला हा त्रास नसतो. त्यासाठी सबवूफर उघडण्यात अर्थ नाही.

एका खुर्चीवर धडधड, शेजारच्या खुर्चीवर काहीच नाही

हे वायरिंगचं नाही, खोलीचं आहे. आपल्याकडचे नवे हॉल म्हणजे स्लॅब, टाइल्स आणि चारी बाजूंनी विटा. आवाज जिरायला जागाच नाही. बारा बाय बाराच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर लांबीतही घुमतो आणि रुंदीतही, म्हणून एकच ठोका भूम्‌ऽऽ करत राहतो. जुन्या धाब्याच्या घरात, जाड मातीच्या भिंतीत, तोच सबवूफर निराळा वाजतो. उपाय थोडा विचित्र दिसतो: सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, जाड सुराचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत जा. जिथे आवाज भरीव आणि स्वच्छ लागेल, तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील. कोपऱ्यातून फूट-दीड फूट बाहेर काढणं एवढंही बरेचदा पुरतं.

फेजचा खटका ० आणि १८० वर करून बसायच्या जागेवरून ऐका. ज्या बाजूला जाड आवाज जास्त भरलेला वाटेल, ती बरोबर. सगळे स्पीकर लावल्यावर जाड आवाज उलट कमीच होत असेल तर समोरच्या एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे का, तेही बघा.

सबवूफरच गेला असेल तर

बोट लावून आवाज नाही, दुसऱ्या केबलने नाही, मोबाइलने नाही. दिवाही लागत नसेल तर मागच्या वायरीच्या सॉकेटजवळचा फ्यूज बघा. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा घ्या; वर 'टी' लिहिलं असेल तर तो हळू उडणारा, त्याजागी साधा घातला तर चालू करतानाच्या झटक्याला उडेल. तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणून दिलेला सबवूफर असेल तर प्लग लावण्याआधीच मागचं लेबल वाचा. तो फक्त ११५ किंवा १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर पहिल्याच सेकंदाला जातो. काहींवर ११५/२३० चा सरकता खटका असतो, तो वीज न लावता २३० वर सरकवा. खटका नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, सबवूफरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. वीज काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मागच्या प्लेटचे स्क्रू काढा आणि ती अलगद बाहेर ओढा. आतल्या कपॅसिटरना हात लावू नका. स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरी कोणत्या टोकाला होत्या, त्याचा फोटो काढून मग त्या सोडवा. मेकॅनिककडे तेवढी प्लेट नेली तरी चालते, डबा घरीच राहू द्या. आणि त्याला नुसतं "बंद पडला" सांगू नका. फ्यूज किती वेळा उडाला, केबल काढल्यावर घूंऽऽ यायची का, बंद पडण्याआधी लाइट कमी-जास्त होत होती का, हे सांगितलंत की तो पॉवर सप्लाय आधी बघायचा की आउटपुट, ते उघडण्याआधीच ठरवतो.